डॉक्टर, काळ्या काचांसाठी एक सर्टिफिकेट द्या ना!



मे महिन्यातली गोष्ट. संध्याकाळची ओपीडी संपत आली होती. सोलापूरचा मे म्हणजे काय असतो ते इथल्यांना सांगायला नको, आणि बाहेरच्यांना सांगून पटत नाही. शेवटचा नंबर माझ्या एका जुन्या पेशंटचा होता. वय छप्पन्न, भुसार मालाचे व्यापारी, अकरा वर्षांपासून मधुमेह. साखरेचा रिपोर्ट आणायला सांगितला होता. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि रिपोर्टऐवजी ई-चलन दाखवलं.

“डॉक्टरसाहेब, गाडीच्या काचांना फिल्म आहे म्हणून पकडलं. पाचशे रुपयांचं काही नाही हो, पण परत पकडलं तर पंधराशे म्हणे. तुम्ही एक सर्टिफिकेट द्या. ‘घरच्यांना उन्हाची ॲलर्जी आहे, काचा काळ्या ठेवणे वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे.’ एवढंच.”

“उन्हाची ॲलर्जी कोणाला आहे?”

“आता सोलापूरच्या उन्हाची ॲलर्जी कोणाला नाही, सांगा!”

मी हसलो. पण सर्टिफिकेट दिलं नाही. ते थोडे नाराज झाले. वीस वर्षांचा संबंध, डॉक्टर एवढंही करत नाहीत म्हणजे काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्या दिवशी घाईत त्यांना सगळं सांगता आलं नाही. दर उन्हाळ्यात चार-पाच जण तरी हीच मागणी घेऊन येतात, म्हणून यावेळी सविस्तर लिहायचं ठरवलं. शिवाय या विषयात माझीही एक जुनी गोष्ट आहे. ती मी आजवर फार कोणाला सांगितलेली नाही. ती पुढे येईलच.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू

बऱ्याच लोकांना वाटतं की काळ्या काचांवर बंदी 2012 साली आली. तसं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 सालचे आहेत. त्यातल्या नियम 100 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की, गाडीच्या पुढच्या आणि मागच्या मोठ्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के दृश्य प्रकाश आरपार गेला पाहिजे. याला इंग्रजी आद्याक्षरांवरून व्हीएलटी म्हणतात. गाडी कंपनीतून बाहेर पडताना काच तशी असावी आणि नंतरही ती तशीच राखावी, अशी त्या नियमाची भाषा आहे. हा ‘राखावी’ शब्द पुढे फार महत्त्वाचा ठरला.

नियम होता, पण तो कोणी पाळत नव्हतं. मग अविषेक गोएंका नावाच्या नागरिकाने जनहित याचिका दाखल केली आणि 27 एप्रिल 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायालयाने म्हटलं की काच मुळातच किती गडद करायची ते कंपनीने नियमात राहून ठरवावं, पण तयार काचेवर वरून काळी फिल्म किंवा दुसरं काहीही चिकटवायचं नाही. मग त्या फिल्मची टक्केवारी काही का असेना. 4 मे 2012 पासून देशभर हे लागू झालं. झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांना तेवढी सवलत होती. तो मे महिना तुम्हाला आठवत असेल, चौकाचौकात पोलीस उभे आणि गाड्यांच्या काचांवरून टराटरा फिल्म सोलली जातेय. फिल्म बनवणाऱ्या आणि विकणाऱ्यांनी फेरविचारासाठी अर्ज केले, तेही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फेटाळले गेले.

याचिकेमागचं मुख्य कारण गुन्हेगारीचं होतं. आत कोण आहे, काय चाललंय हे बाहेरून दिसू नये म्हणून काळ्या काचा वापरल्या जातात, हा मुद्दा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्लीत जी बस रात्रभर चर्चेत आली आणि मग वर्षानुवर्षं राहिली, तिलाही काळ्या काचा आणि पडदे होते. त्यानंतर या मुद्द्यावर कोणाला फार समजावून सांगावं लागलं नाही.

पुढे नियमात बदल झाला. 1 एप्रिल 2021 पासून नियम 100 मध्ये नुसती ‘सुरक्षा काच’ न राहता ‘सुरक्षा काच किंवा सेफ्टी ग्लेझिंग’ असे शब्द आले. सेफ्टी ग्लेझिंगच्या भारतीय मानकात काचेच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा थर असलेला प्रकारही बसतो. याच आधारावर केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये सांगितलं की, 70 आणि 50 टक्क्यांची मर्यादा पाळली जात असेल तर फिल्म लावली म्हणून दंड करता येणार नाही. आपल्या रस्त्यावरचा पोलीस मात्र अजून 2012 च्या निकालावरच बोलतो, हा माझा अनुभव. मी वकील नाही. पण फिल्म लावायची असेल तर दुकानदाराच्या तोंडी हमीवर जाऊ नका.

कारण दुकानदार तुम्हाला एक हिशोब सांगत नाही. तो म्हणतो, “ही पन्नास टक्क्यांची फिल्म आहे, कायद्यात बसते.” पण तुमची मूळ काच काही शंभर टक्के पारदर्शक नसते. समजा तिच्यातून 75 टक्के प्रकाश येतो. त्यावर 50 टक्क्यांची फिल्म लावली की आत येणारा प्रकाश 75 च्या निम्मा, म्हणजे साडेसदतीस टक्के. झाली बेकायदा. आणि रात्री त्या साडेसदतीसमधूनच तुम्हाला सायकलवाला शोधायचा असतो.

आता डॉक्टरच्या सर्टिफिकेटचं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ठरावीक आजारांसाठी डॉक्टरच्या शिफारशीवरून सूट मिळते, तिथे त्याची रीतसर पद्धत आहे. आपल्या नियम 100 मध्ये ‘डॉक्टरने लिहून दिलं तर सूट’ असं काही लिहिलेलं नाही. म्हणजे माझ्या लेटरहेडवर मी काहीही लिहिलं तरी तो कायद्यातला परवाना होत नाही. आणि खोटं लिहिलं तर ते खोटं सर्टिफिकेट होतं, त्याची जबाबदारी माझ्यावर.

ऊन आणि काच

बहुतेक लोकांचा गैरसमज असा असतो की काच जितकी काळी तितकं उन्हापासून संरक्षण जास्त. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

सूर्यप्रकाशात आपल्याला दिसणारा प्रकाश असतो, जाणवणारी उष्णता असते आणि न दिसणारी अतिनील किरणंही असतात. त्वचेचं नुकसान प्रामुख्याने या अतिनील किरणांनी होतं. त्यांचेही दोन प्रकार आपल्या कामाचे: यूव्हीबी आणि यूव्हीए. त्वचा भाजून लाल होते ती जास्त करून यूव्हीबीने. साधी काचसुद्धा यूव्हीबी जवळपास सगळी अडवते. (म्हणूनच गाडीत बसून अंगावर कितीही ऊन घेतलं तरी व्हिटॅमिन डी तयार होत नाही. “डॉक्टर, मी रोज दोन तास उन्हातून गाडी चालवतो, मग माझं डी कमी कसं?” याचं उत्तर हे.) यूव्हीए मात्र काचेतून आत येऊ शकतं. ते त्वचेत खोलवर जातं आणि सुरकुत्या, डाग, काही आजारांत पुरळ हे त्याचं काम.

पुढची काच म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा थर दाबून बनवलेलं सँडविच. अपघातात ती फुटून अंगावर येऊ नये म्हणून तशी बनवतात, आणि तोच थर यूव्हीएही अडवतो. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत एकेरी असतात. अमेरिकेत 29 गाड्यांच्या काचा तपासून 2016 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढच्या काचांनी सरासरी 96 टक्के यूव्हीए अडवलं, बाजूच्या काचांनी सरासरी 71 टक्के. आणि गाडीगाडीत फरक इतका की कुठे 44 तर कुठे 96. महागडी गाडी म्हणजे चांगली काच, असंही नाही.

2012 साली एका नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात एका अमेरिकन ट्रक ड्रायव्हरचा फोटो आला होता. वय 69, ट्रक चालवून 28 वर्षं झालेली. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू उजव्या बाजूपेक्षा वीस वर्षांनी म्हातारी दिसते. जाड, सुरकुतलेली, लोंबलेली त्वचा. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो. आपल्याकडे तो उजवीकडे बसतो, एवढाच फरक. एसटीचे जुने ड्रायव्हर माझ्याकडे येतात तेव्हा माझी नजर आपोआप त्यांच्या उजव्या हाताकडे जाते.

आता मुख्य मुद्दा. यूव्हीए अडवणारा थर काळा असावाच लागत नाही. पाण्यासारखी स्वच्छ दिसणारी फिल्म जवळजवळ सगळं यूव्हीए अडवू शकते, आणि एखादी स्वस्तातली काळी फिल्म प्रकाश अडवूनही यूव्हीए बऱ्यापैकी आत सोडू शकते. काळेपणा डोळ्यांना दिसतो, म्हणून तो संरक्षण वाटतो. एक अपवाद प्रामाणिकपणे सांगतो: वांग असणाऱ्यांना, विशेषतः आपल्यासारख्या सावळ्या त्वचेला, दिसणाऱ्या प्रकाशानेही त्रास वाढतो. पण त्यावर आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन मिळतं. त्यासाठी अख्खी गाडी काळी करायची गरज नाही.

जिला खरंच गरज होती

आता सगळेच खोटं सांगतात असं नाही. माझ्याकडे एक शिक्षिका येतात, वय चौतीस. त्यांना ल्युपस आहे. या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करते. सांधे, त्वचा, मूत्रपिंड, काहीही पकडलं जाऊ शकतं. ऊन लागलं की पुरळ तर येतंच, पण कधी कधी आतला आजारही उसळतो. त्यांना एकदा लघवीतून प्रथिनं जायला लागली होती आणि महिनाभर आमची झोप उडाली होती. त्यामुळे त्यांच्यासाठी ‘उन्हाचा त्रास’ ही बोलायची गोष्ट नाही.

त्यांची बदली तुळजापूरजवळच्या शाळेत झाली. सोलापूरहून साधारण पंचेचाळीस किलोमीटर, रोज स्वतः गाडी चालवत. दोन महिन्यांत उजव्या हातावर आणि उजव्या गालावर पुरळ वाढलं. डावा हात जवळपास स्वच्छ. मला आधी वाटलं, येताना-जाताना सूर्य एकदा इकडे, एकदा तिकडे असणार, मग एकाच बाजूला का? मग कागदावर नकाशा काढला. तुळजापूर सोलापूरच्या उत्तरेला. सकाळी जाताना पूर्व उजव्या हाताला. दुपारनंतर परत येताना तोंड दक्षिणेला, म्हणजे पश्चिमही उजव्या हाताला! दोन्ही वेळचं ऊन त्याच एका खिडकीतून.

त्या म्हणाल्या, “डॉक्टर, मला काळी फिल्म लावू द्या. तुम्ही चिठ्ठी द्या, मी पोलिसांशी बोलते.”

मी त्यांनाही काळ्या फिल्मची चिठ्ठी दिली नाही. पण मदत नक्की केली. पूर्ण बाह्यांचं, घट्ट विणीचं कापड. गाल आणि मान यांसाठी सनस्क्रीन. त्यावर एसपीएफचा आकडा असतो तो मुख्यतः यूव्हीबीचा, यूव्हीएसाठी पीए आणि त्यापुढच्या अधिकच्या खुणा बघायच्या, आणि दोन तासांनी परत लावायचं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनच्या गोळ्या त्या अधूनमधून विसरत होत्या, त्या नियमित केल्या. (या गोळ्या बरीच वर्षं घेणाऱ्यांनी डोळ्यांचा पडदा वेळोवेळी तपासून घ्यायचा असतो, हे जाता जाता.) आणि बाजूच्या काचांना रंग नसलेली, यूव्ही अडवणारी फिल्म. लावून झाल्यावर दुकानात मीटरवर काचेची व्हीएलटी मोजून घ्या आणि तो आकडा बिलावर लिहून घ्या, असं बजावलं.

एक पत्र मी त्यांना दिलं. त्यात आजाराचं नाव लिहिलं, अतिनील किरणांपासून संरक्षण आवश्यक आहे असं लिहिलं, आणि ‘ही कायद्यातून सूट नव्हे’ हेही लिहिलं. शेवटचं वाक्य वाचून त्या हसल्या. “असं पत्र पोलिसांना दाखवून काय उपयोग?” पण एकदा त्यांना नाक्यावर थांबवलं तेव्हा पोलिसाकडे मीटर नव्हता. त्याने काचेवर नख फिरवून फिल्म आहे हे ओळखलं, आतून बाहेरून दोनदा बघितलं, बिल वाचलं, पत्र वाचलं आणि सोडून दिलं. दुसरा कोणी असता तर कदाचित सोडलं नसतं, ही कल्पना मी त्यांना दिलेली आहे. हातावरचं पुरळ तीन महिन्यांत बरंच ओसरलं. त्यातला वाटा फिल्मचा किती आणि गोळ्यांचा किती, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आणखी एक. ल्युपस नसतानाही काही औषधांनी त्वचा उन्हाला हळवी होते. मुरुमांसाठी दिलं जाणारं डॉक्सिसायक्लिन, रक्तदाबाच्या काही गोळ्यांतलं हायड्रोक्लोरोथायझाइड, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं ॲमिओडॅरोन. नवीन गोळी सुरू झाल्यावर उघड्या अंगावर पुरळ आलं तर गाडीची काच बदलण्याआधी डॉक्टरला विचारा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आता माझी गोष्ट

2010 साली माझ्या गाडीच्या चारही बाजूच्या काचा काळ्या होत्या. नवी गाडी घेतली त्याच आठवड्यात मी फिल्म लावली होती. कारण विचाराल तर ऊन होतंच, पण खरं सांगायचं तर तेव्हा ती ऐट होती. डॉक्टरची गाडी, काळ्या काचा. त्या वेळीही नियम होताच, म्हणजे माझ्या काचा तेव्हाही बेकायदाच होत्या. मला ते माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची गरजही वाटली नव्हती.

डिसेंबर महिना. मोहोळकडच्या एका गावात एका नातेवाइकांना बघून रात्री नऊच्या सुमारास परत निघालो होतो. गळिताचा हंगाम, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या. मी सगळं लक्ष समोर ठेवून चालवत होतो, कारण ट्रॉलीला मागे दिवा नसतो हे आम्हा इकडच्या लोकांना पाठ असतं. एका फाट्यावर डावीकडे वळायचं होतं. वेग अगदी कमी होता. डावीकडे बघितलं, काचेत अंधार दिसला, म्हणजे रस्ता मोकळा आहे असं समजून वळलो.

धातूचा आवाज झाला. आणि मग कोणीतरी बॉनेटवर हात आपटला.

ऊसतोडीला आलेलं जोडपं होतं. बाईच्या कडेवर पाण्याची कळशी, ती रस्त्याच्या कडेने चालत होती. माझ्या गाडीच्या डाव्या बाजूचा धक्का लागून ती हातावर पडली. कळशी चेपून बाजूला लोळत होती. दोन पावलं मागे चार-पाच वर्षांची मुलगी उभी होती. ती दोन पावलं पुढे असती तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करू इच्छित नाही.

उतरून बघितलं. उजवं मनगट काट्यासारखं वाकलेलं. वैद्यकीच्या पहिल्या वर्षांतला विद्यार्थीही ओळखेल असं फ्रॅक्चर. मी त्यांना गाडीत घेतलं, ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं, हाड बसवलं, प्लास्टर झालं, सगळा खर्च मी केला. पोलिसांत कळवायला हवं होतं. मी कळवलं नाही. त्यांनीही आग्रह धरला नाही. तिचा नवराच मला म्हणाला, “जाऊ द्या सायेब, अंधार होता. तुमाला तरी कसं दिसनार?”

ते वाक्य मी उचललं आणि स्वतःला सांगत राहिलो. अंधार होता. तिच्याकडे बॅटरी नव्हती. रस्त्यावर दिवे नव्हते. हे सगळं खरंच होतं. पण फाट्यावर एका टपरीत बल्ब जळत होता, आणि मी खाली उतरल्यावर मला त्या उजेडात कळशी, मुलगी, बाईच्या हातातल्या बांगड्या, सगळं व्यवस्थित दिसत होतं. जे बाहेर उभं राहून दिसत होतं ते आत बसून दिसलं नाही. मध्ये फक्त माझी काच होती.

तुम्हाला वाटेल, दुसऱ्या दिवशी मी फिल्म काढून टाकली असेन. नाही. पुढचं जवळपास दीड वर्ष ती तशीच होती. मे 2012 मध्ये चौकातल्या पोलिसाने ती सोलली, तेव्हा गेली. त्या बाईचं प्लास्टर सहा आठवड्यांनी काढायचं होतं. तोपर्यंत त्यांची टोळी दुसऱ्या कारखान्याकडे गेली. ते मनगट नीट जुळलं की वाकडं राहिलं, त्या हाताने तिला पुढच्या हंगामात कोयता धरता आला की नाही, मला माहीत नाही.

मी कोणाला काळ्या काचांचं सर्टिफिकेट का देत नाही, हे विचारणाऱ्यांना मी नियम 100 सांगतो. खरं कारण हे आहे.

वय, डोळे आणि रात्र

तेव्हा मी चाळिशीच्या आत होतो, डोळे ठणठणीत होते. आता पन्नाशी उलटली आहे आणि फरक मला स्वतःला जाणवतो. वय वाढतं तशी बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही, आणि डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळट होत जातं. साठीच्या माणसाच्या पडद्यावर विशीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. त्यात मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरच्या गाडीच्या दिव्यांचा प्रकाश फुटून सगळीकडे पसरतो आणि दोन-चार सेकंद काहीच दिसत नाही. मधुमेहात पडदा खराब होत असेल तर ही अडचण आणखी वाढते, आणि पडद्यावर मोठ्या प्रमाणात लेसर केलेल्यांना रात्रीचं कमी दिसणं ही ओळखीची तक्रार आहे.

म्हणजे डोळ्यांनी आधीच प्रकाश कमी केलेला असतो, आणि आपण वरून काच काळी करून उरलेल्यातला निम्मा कमी करतो. ब्रिटनमध्ये चालकाच्या शेजारच्या काचांनाही किमान 70 टक्क्यांची अट आहे, आपल्या 50 पेक्षा कडक.

दिवसा डोळ्यांना ऊन लागत असेल तर गॉगल वापरा. तो संध्याकाळी काढून ठेवता येतो, फिल्म काढता येत नाही. उन्हात आपोआप काळे होणारे चष्मे मात्र गाडीत फारसे काळे होत नाहीत. “चष्मा खराब निघाला” म्हणून तक्रार करू नका. तो अतिनील किरणांनी काळा होतो, आणि ती पुढच्या काचेने आधीच अडवलेली असतात.

फिल्म लावणाऱ्यांचं दुसरं कारण असतं लहान मुलं. बाळाला ऊन लागू नये म्हणून. हेतू चांगला आहे. पण एवढं लक्षात ठेवा की बंद उभ्या गाडीत फिल्म बाळाला वाचवत नाही. अमेरिकेतल्या एका अभ्यासात बावीस अंशांच्या सुखद हवेतसुद्धा बंद गाडी तासाभरात सुमारे बावीस अंशांनी तापलेली आढळली, त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातली, आणि काच थोडी उघडी ठेवून विशेष फरक पडला नाही. इथे सुरुवातच बेचाळीसपासून होते. लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. साध्या काचेतून आत राहिलेलं मूल जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसतं, तो काच फोडतो. काळ्या काचेतून ते कोणालाच दिसत नाही. “दोन मिनिटांत येतो” म्हणून मुलाला गाडीत ठेवू नका, कधीच.

आता आमच्या व्यापारी पेशंटकडे परत येतो. सर्टिफिकेट न देता त्या दिवशी मी त्यांना एक प्रश्न विचारला होता: “रात्री गाडी चालवताना कसं दिसतं?” ते म्हणाले, “कमीच दिसतं हो, पण ते फिल्ममुळे.” शेवटची डोळ्यांची तपासणी कधी झाली, तर आठवत नव्हतं. चार वर्षं तरी झाली असावीत. आठवड्यातून दोनदा ते रात्री लातूरहून परत येतात. मी डोळ्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली. ती त्यांनी खिशात घातली आणि विसरून गेले.

ऑगस्टमध्ये ते परत आले. दुसरं चलन झालं होतं, वैतागून फिल्म काढून टाकली होती. “पण डॉक्टरसाहेब, फिल्म काढली तरी रात्री तसंच दिसतंय. समोरून गाडी आली की सगळं पांढरं होतं.” या वेळी मी त्यांच्या मुलाला फोन करून दुसऱ्याच दिवशी डोळे तपासायला पाठवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त, आणि पडद्यावर मधुमेहाच्या सुरुवातीच्या खुणा. लेसरची गरज सध्या नाही, दर वर्षी तपासणी हवी. तीन महिन्यांची सरासरी साखर नऊच्या वर. ती आटोक्यात आली की दिवाळीनंतर ऑपरेशन.

काल येऊन बसले आणि जरा चाचरत म्हणाले, “डॉक्टरसाहेब, एक सर्टिफिकेट पाहिजे होतं.”

“कसलं?”

“रात्री गाडी चालवायची नाही असं. थोरले बंधू ऐकत नाहीत, लातूरच्या बाजाराला मलाच पाठवतात. तुमच्या सहीचा कागद असला की ऐकतील.”

ते मी लगेच लिहून दिलं.